न दचकण्याचे गुण

सिद्धाराम सोंगाड्या आहे, हे धर्मापुरीतलं शेंबडं पोरही सांगेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हातारा, आंधळा, दारुडा, सगळी सोंगं त्यानं केली होती आणि दर वेळी बक्षीस घेऊन घरी आला होता. वडील धोंडप्पा यांचं गावात किराणा दुकान. पोरानं गल्ल्यावर बसावं ही त्यांची इच्छा, पण पोराला मास्तर व्हायचं होतं. साध्या बी.एड.ला आता कुत्रंही विचारत नाही, विशेष शिक्षणाचं केलंस तर नोकरी लागेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणून तो कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं बी.एड. करायला तालुक्याच्या कॉलेजात आला. मुलांच्या कळवळ्यानं आला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हुशार मात्र होता. खुणांची भाषा वर्गात सगळ्यांच्या आधी त्याच्या हातात बसली आणि आपली बोटं सुंदर चालतात याचा त्याला थोडा माजही होता.

वनमाला मॅडम त्यांच्या वर्गाच्या मुख्य. दिवाळीनंतर त्यांनी मुलांना एक काम दिलं. जोडी करून सिरसाळ्याच्या बाजाराला जायचं. एकानं दिवसभर बहिरं व्हायचं. बोलायचं नाही, आणि ऐकू आलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. दुसऱ्यानं लांबून बघत टिपण करायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी लोक कसे वागतात ते अंगावर घेऊन बघा, पुस्तकात वाचून ते कळत नाही, असं मॅडम म्हणाल्या. संध्याकाळी पाचच्या आत जो तोंड उघडेल त्याचे गुण कापणार होत्या. मॅडमचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सिद्धारामच्या जोडीला रामप्रसाद होता. हा आष्टीकडचा, गप्पिष्ट, कुठल्याही गोष्टीला मीठमसाला लावल्याशिवाय ती पुढं न सरकवणारा. कोण बहिरं होणार हा प्रश्नच नव्हता.

ऊसतोडीच्या गाड्या निघायचे ते दिवस. बाजार फुललेला होता. माणसं कोयते पारखत होती, बाया परातीपासून मिठापर्यंत सहा महिन्यांचं सामान भरत होत्या. सिद्धारामनं चहाच्या गाड्यापासून सुरुवात केली. बोटानं चहा दाखवला, साखर कमी असं खुणेनं सांगितलं. चहावाला आधी गोंधळला, मग हसला. बाकावरचा एक जण म्हणाला, "बोल की बे, तोंडात काय धरलंय?" दुसऱ्यानं त्याच्या कानाजवळ जोरात टाळी वाजवून बघितली. सिद्धारामची पापणीही लवली नाही. हे त्यानं खोलीवर आरशासमोर बसून घोटलं होतं. रामप्रसाद मागून कानाजवळ डबा आपटायचा आणि हा आरशात आपलं तोंड बघत बसायचा. न दचकणं हीच खरी कला आहे, बाकी हात तर कुणीही हलवतं, असं त्याचं म्हणणं होतं.

ती टाळी शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून एका बाईनं बघितली. अंगावर नवंकोरं पण हलकं लुगडं, हातात नुकतीच घेतलेली जर्मनची ताटली. ती तरातरा आली आणि टाळी वाजवणाऱ्याला तिनं असं झापलं की तो चहा टाकून उठून गेला. मग तिनं सिद्धारामचं मनगट धरलं. आपल्या कानाला हात लावून मान हलवली, म्हणजे ऐकू येत नाही का. सिद्धारामनं मान हलवली. नाही.

खरं तर इथंच थांबता आलं असतं. पण अजून दुपारही टळली नव्हती, आणि लांब उभा असलेला रामप्रसाद टिपण घेत होता.

बाईचं नाव मंगल. सिरसाळ्याजवळच्या वस्तीवरची. ती आणि तिचा नवरा उत्तरेश्वर जोडीनं ऊसतोडीला जात, आणि गाडी चार दिवसांवर आली होती. तिनं लांबून यांच्याकडंच बघत लिहिणाऱ्या रामप्रसादला हुडकून काढलं आणि हा तुमचा कोण म्हणून विचारलं. रामप्रसाद म्हणाला, दोस्त आहे. शिकतो का? कॉलेजात शिकतो, मास्तर होणार आहे. इथवर सगळं खरं होतं. मग तिनं विचारलं, जन्मापासून असा आहे का. रामप्रसादच्या अंगात आलं. जन्मापासून, म्हणाला. आणि मग शिकला कुठं? तालुक्याला, मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून. एवढं बोलून त्यानं सिद्धारामकडं बघून हळूच डोळा मारला. सिद्धारामला सगळं ऐकू येत होतं. तो समोरच्या दुकानातल्या टॉवेलांकडं बघत राहिला.

मंगलनं सामानाच्या गोण्यांवर बसवलेल्या आपल्या पोरीला आणलं. सायली नाव. सातआठ वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, तेल लावून चापून वेणी घातलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मंगल रामप्रसादशी मोकळेपणानं बोलत सुटली, कारण तिच्या हिशेबानं ऐकणारा तो एकटाच होता. तालुक्याच्या त्याच शाळेचे सर दोनदा घरी येऊन गेले होते, पोरगी वसतिगृहात ठेवा म्हणून. पण पोरीला कुणी मारलं, काही वंगाळ केलं, तर ती सांगणार कशी, या भीतीनं मंगलनं त्यांना परत पाठवलं होतं. सोबत न्यावी तर उसाच्या फडात गेल्या साली ट्रॅक्टर मागं येत होता आणि ही त्याच्याकडं पाठ करून उभी होती. एका बाईनं वेणी धरून ओढली म्हणून वाचली.

"पोरगी मला खुणंनं इचारती," मंगल म्हणाली, "मी मोठी झाल्यावर माझे कान उघडतील का. तिनं मोठं मुकं माणूसच कदी बघितलं न्हाई. तिला वाटतं, ल्हानपणी समदेच असे असतेत. मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू?"

मग तिनं पोरीला सिद्धाराम दाखवला. हात उंच नेऊन मोठा माणूस केला, कानावर पंजा झाकला, पोरीच्या छातीला बोट लावलं. मोठा आहे, कान बंद, तुझ्यासारखा. सायलीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात घड्याळ. तिचा विश्वास बसेना. ती त्याच्या पाठीमागं गेली आणि आईच्या हातातली ताटली घेऊन दगडावर दाणकन आपटली. तिला आवाज ऐकू येत नव्हता, पण ताट पडलं की माणसं मान वळवतात हे तिनं लहानपणापासून बघितलं होतं. चहावाला वळला, रामप्रसाद वळला, तिची आई वळली. सिद्धाराम वळला नाही.

सायली पुढं आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. घरात चालणाऱ्या साध्या खुणांत तिनं त्याला काय काय सांगितलं: भाऊ लहान आहे, शेळी व्यायली, बाप घोरतो हे पोटावर हात ठेवला की कळतं. त्यानं कॉलेजातल्या खुणांत उत्तरं दिली. अर्ध्या तिला कळल्या नाहीत, पण मोठ्या माणसाचे हात आपल्याशी बोलतायत यातच ती खूश होती. निघताना तिनं त्याचं नाव ठेवलं. सिद्धारामच्या घरी सकाळी भस्म लावल्याशिवाय कुणी चहाही पीत नाही. त्याच्या कपाळावरच्या भस्माच्या तीन ओळी बघून तिनं आपल्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि मग पंजानं कान झाकला. भस्मवाला, कान बंद. मंगलनं डोळे पुसले आणि रामप्रसादला सांगितलं, सरांना निरोप द्या, पोरगी ठेवते म्हणावं.

परतीच्या जीपमध्ये रामप्रसाद हसून हसून बेजार झाला. सिद्धारामही हसला, पण ते हसू घशाखाली उतरलं नाही. सांगायला हवं होतं का, असं त्यानं विचारलं. रामप्रसाद म्हणाला, पोरगी शाळेत जाती हाय ना, मग पुण्यच लागलं की बे तुला. सिद्धारामनं हे पुण्य घेतलं. घ्यायला सोपं होतं.

वर्गात त्यानं अनुभव सांगितला तेव्हा सगळे गप्प झाले. त्याचा आवाज योग्य जागी भरून आला. ताटली आपटल्याची गोष्ट सांगताना दोन मुलींनी डोळ्याला ओढणी लावली. सांगून झाल्यावर वर्गानं कर्णबधिरांच्या रीतीनं हात वर करून हलवले. वनमाला मॅडमनी एवढंच विचारलं की शेवटी त्या बाईला खरं सांगितलंस ना. हो, मॅडम. हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतक्या सहज गेले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याला सगळ्यात जास्त गुण मिळाले. त्या संध्याकाळी मेसमध्ये कुणीतरी त्या पोरीचं नाव विचारलं आणि त्याला ते घेता येईना. पोळी तशीच ताटात ठेवून तो उठला. लाज वाटत होती, पण अजून ती परवडण्यासारखी होती. बाई सहा महिन्यांसाठी गेली होती आणि कॉलेज संपलं की तोही जाणार होता.

सराव पाठांच्या शाळा जाहीर झाल्या. त्याला नेमकी सायलीला ठेवलेली शाळा मिळाली. त्यानं बदलून मागितली, बस सोयीची नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या वसतिगृहापासून चालत जायच्या अंतरावर शाळा आहे, कसली बस? चोराच्या मनात चांदणं. आपण मधल्या वर्गात पाठ घेऊ, पहिलीच्या पोरांकडं फिरकणारच नाही, असं त्यानं ठरवलं.

पण पहिलाच पाठ वाचाशिक्षणाचा निघाला, आणि तोही पहिलीवर. या पाठाची रीत अशी, की मूल मास्तरसमोर आरशापुढं बसतं. मास्तर मुलाचा हात आपल्या घशावर ठेवतो आणि आवाज काढतो. घशातली थरथर मुलाच्या तळहाताला लागते. मग तोच हात मुलाच्या स्वतःच्या घशावर. कानानं नाही तर हातानं आवाज ओळखायचा. वनमाला मॅडम मागच्या बाकावर गुणपत्रक घेऊन बसल्या होत्या. सिद्धारामनं खिडकीजवळच्या एका पोराला बोलावलं. मॅडम म्हणाल्या, त्याला येतं ते, ती नवीन मुलगी घे.

सायली तर केव्हाची बाकावर उभी होती. कपाळावर तीन बोटं ओढून, कान झाकून ती शेजारच्या पोरांना ओरडून सांगत होती, म्हणजे हातांनी ओरडून, हा माझा आहे. ती धावत आली आणि आरशापुढं बसली. त्यानं तिचा हात आपल्या घशावर ठेवला आणि तोंड उघडलं. आवाज काढला नाही. नुसताच आ वासला.

"सिद्धाराम, आवाज," मागून मॅडम म्हणाल्या.

त्यानं आवाज काढला.

सायलीनं चटका बसल्यासारखा हात काढला. पुन्हा ठेवला. त्यानं पुन्हा आवाज काढला, कारण मॅडम बघत होत्या. आता ही रडेल, आता ही मला मारेल, असं त्याला वाटलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या ओठांकडं बघितलं, कानाकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावर असा आनंद पसरला की तो बघवेना. ती उडी मारून उठली आणि वर्गभर पळाली. कपाळावर तीन बोटं, कानावर पंजा, आणि मग तो पंजा फुलासारखा उघडायचा. भस्मवाल्याचे कान उघडले. मग स्वतःच्या छातीला बोट लावायचं आणि स्वतःच्या कानावरचा पंजा उघडायचा. माझे पण उघडणार. पोरं तिच्या भोवती गोळा झाली. दोघातिघांनी लगेच आपापले कान चाचपून बघितले.

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच पाठात नव्या मुलीचा असा प्रतिसाद त्यांनी कधी बघितला नव्हता. पाठ संपल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हा पाठ बाकीच्यांना दाखवायला हवा म्हणाल्या. त्याला त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तो "थँक यू, मॅडम" म्हणाला.

त्या दिवसापासून सायली वाट बघायला लागली. शाळेच्या वसतिगृहातल्या मावशी चंद्रभागाबाई तिची वेणी घालत. त्या सांगायच्या, ही पोरगी सकाळी उठल्याबरोबर ताटली आपटती आणि कान लावून बसती. रोज. मग माझ्याकडं बघती आणि बोटांनी सांगती, आज न्हाई, उद्या. त्या हे कौतुकानं सांगत आणि सिद्धाराम खाली बघून ऐके. तिला समजावून सांगायचं असं तो रोज सकाळी ठरवायचा आणि रोज तिचं तोंड बघून गप्प बसायचा. त्याला स्वतःची शिसारी आली होती. पूर्वी भस्म लावताना तो आरशात बघायचा, आता न बघताच बोटं ओढून बाहेर पडायचा. लाजेला तोंड असतं तर तिनं त्याला गावभर ओरडून सांगितलं असतं. पण त्याची लाजही त्याच्यासारखीच, मुकी असल्याचं सोंग घेऊन बसली होती.

रविवारी पालकांचे फोन येत. चंद्रभागाबाईंच्या मोबाइलवर पोरं आईबापांना बघत आणि खुणांनी बोलत. त्या रविवारी सिद्धाराम शाळेत तक्ते लावायला आला होता. सायलीनं त्याला अंगणात ओढत नेलं. पडद्यावर मंगल होती. डोक्याला फडकं, गालावर उसाच्या पानानं चिरलेल्या रेघा, मागं उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. त्याला बघून ती हसली, आणि नमस्कार केला.

सायलीनं आईला बातमी दिली. तीन बोटं, कान, उघडला. मग आपली छाती, आपला कान. एकदा सांगून तिचं भागलं नाही, तिनं सगळं पुन्हा सांगितलं.

मंगलचं हसू हळूहळू गेलं. मागून उत्तरेश्वरनं गाडी भरायला हाक मारली, तिनं वळूनही बघितलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाला ऐकू येतं."

"येतं," सिद्धाराम म्हणाला.

"पयल्यापासनं?"

"पहिल्यापासून. ते कॉलेजचं काम होतं. तसं वागायचं होतं, म्हणून..." बोलता बोलताच त्याला ते शब्द किती घाणेरडे आहेत ते कळलं आणि त्यानं वाक्य अर्धं सोडलं.

चंद्रभागाबाईंनी फोन धरला होता, त्या दुसरीकडं बघायला लागल्या. मंगलनं शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही.

"न्यायला येत न्हाई मी तिला," ती म्हणाली. "हितं आणून काय ट्रॅक्टरखाली घालू? ऱ्हाऊ द्या तितंच. पर एक आइका, आता येतंय ना आइकू. मी तिला खोटं सांगत आल्ते. तुमाला बघितलं आन् म्हणलं, बरं झालं, आता खोटं बोलायची गरज न्हाई. तुमी ते परत माझ्या गळ्यात घातलं. मी न्हाई सांगणार आता. तिला तुमीच सांगा. आत्ता सांगा, मी बघती."

आईचे ओठ हलताना सायली बघत होती. ती आळीपाळीनं दोघांकडं बघून हसत होती.

सिद्धाराम तिच्यासमोर मातीत बसला. खुणांच्या भाषेच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला माणूस, पण त्या खुणा इथं कामाच्या नव्हत्या. त्यानं तिच्याच खुणा घेतल्या. आपल्या कानाला हात लावून पंजा उघडा ठेवला. हात खाली नेऊन लहान बाळ दाखवलं. बाळ होतो तेव्हापासून उघडे. बाजारात बंद दाखवले, ते खोटं. खोट्याची तिच्या घरातली खूण त्याला माहीत नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग तिच्या कानावर अलगद पंजा ठेवला. बंद. हात उंच नेला, मोठी सायली. पंजा कानावरून काढला नाही. तरी बंद.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी तिचं हसू थांबलं. तिनं पडद्यावरच्या आईकडं बघितलं. मंगलनं मान हलवली. हो, तसंच. आणि फडक्याचं टोक तोंडात धरलं.

सायली रडली नाही. तिनं त्याचा हात आपल्या कानावरून काढला आणि बाजूला ठेवला. मग तिनं हात उंच नेला, मोठं माणूस. कानावर पंजा झाकला. आणि तळहात पसरून विचारलं, कोण? मग मोठं होऊन कान बंद असलेलं कोण आहे, ते दाखव.

सिद्धारामनं अंगणभर बघितलं. चंद्रभागाबाई होत्या, फाटकाशी वॉचमन होता, ऑफिसात मुख्याध्यापक फोनवर बोलत होते. मुक्याबहिऱ्यांच्या त्या शाळेत मोठं म्हणून जे कुणी होतं, त्या प्रत्येकाला ऐकू येत होतं. दाखवायला म्हणून त्यानं बोट उचललं, आणि सायली त्या बोटाकडं डोळे लावून, ते कुणाकडं वळतंय याची वाट बघत उभी राहिली.